दिवेलागणीचा सामुराई : योजी यामादा यांच्या 'तासोगारे सेइबेई' या चित्रपटाची चिकित्सा

जपानी चित्रपटसृष्टीत 'जिदाइगेकी' या नावाने ओळखला जाणारा एक फार मोठा प्रवाह आहे. आधुनिक काळापूर्वीचा जपान, आणि त्यातही विशेषतः इ. स. १६०३ ते १८६८ या तोकुगावा राजवटीतील जपान, हे या प्रवाहाचे क्षेत्र होय. भारतीय रसिकांना त्याची ओळख झाली ती प्रामुख्याने अकिरा कुरोसावा यांच्या 'सेव्हन सामुराई' (१९५४), 'योजिम्बो' (१९६१) यांसारख्या चित्रपटांमुळे. परिणामी सामुराई म्हटले की कमरेला तलवार, मुद्रेवर करारीपणा आणि मरणाविषयी बेफिकिरी अशी एक प्रतिमा मनात पक्की बसलेली आहे. मात्र ज्या देशात सुमारे दोनशे वर्षे मोठे युद्धच झाले नाही, तेथे योद्ध्यांचा हा वर्ग रोज सकाळी उठून नेमके काय करीत असे, हा साधा प्रश्न ही प्रतिमा विचारूच देत नाही. त्याचे उत्तर तितकेच साधे आहे. त्यांतील बहुसंख्य लोक कारकुनी करीत असत. धान्य मोजणे, वह्या लिहिणे, पहारे देणे, वरिष्ठांपुढे वाकणे आणि महिनाअखेरीची चिंता करणे हाच त्यांचा दिनक्रम होता.

योजी यामादा यांचा 'तासोगारे सेइबेई' (२००२) हा चित्रपट या कारकुनांपैकी एकाची कथा सांगतो. शूहेई फुजिसावा (१९२७–१९९७) यांच्या तीन कथा एकत्र गुंफून यामादा आणि योशिताका असामा यांनी त्याची पटकथा सिद्ध केली. १९६९ ते १९९५ या काळात तोरा नावाच्या फिरत्या विक्रेत्यावरील अठ्ठेचाळीस चित्रपटांच्या मालिकेने यामादा यांचे नाव जपानमध्ये घरोघर पोहोचले होते. पण वयाची सत्तरी ओलांडेपर्यंत त्यांनी एकही जिदाइगेकी केला नव्हता. हा पहिलाच प्रयत्न जपान अकादमीचे बारा पुरस्कार मिळवून गेला आणि ऑस्करच्या परभाषी चित्रपटांच्या अंतिम नामांकनांतही आला. चित्रपटाचे स्वागत झाले ते मुख्यतः 'साध्या, समाधानी माणसाची हृद्य कहाणी' म्हणून. नव्वदच्या दशकातील आर्थिक मंदीनंतर नोकरकपातीला सामोरे जाणाऱ्या जपानी मध्यमवर्गाला सेइबेईमध्ये आपला चेहरा दिसला, असेही म्हटले गेले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तथापि या वाचनातून चित्रपटाचा गाभा हातून निसटतो असे दिसते. सेइबेई समाधानी आहे हे खरे. पण त्याचे समाधान कोणत्या व्यवस्थेच्या सोयीचे आहे, आणि त्या समाधानाची किंमत अखेर कोणाच्या रक्ताने चुकती होते, हेही चित्रपट दाखवतो. तो भाग डोळ्यांआड केला तर उरते ती केवळ एक सुभाषितवजा गोष्ट.

नावाचा प्रवास

चित्रपटाच्या नावापासूनच सुरुवात करणे इष्ट ठरेल. इंग्रजीत हा चित्रपट 'द ट्वायलाइट सामुराई' या नावाने गेला. या शीर्षकात एका संपूर्ण वर्गाचा अस्तकाळ सूचित होतो, आणि प्रेक्षक आपोआपच एका युगान्ताची अपेक्षा बाळगून बसतो. मूळ नावात असे काहीही नाही. 'तासोगारे सेइबेई' हे केवळ एक टोपणनाव आहे, आणि तेही कचेरीतल्या सहकाऱ्यांनी थट्टेने ठेवलेले. दिवसाचे काम संपले की इतर मंडळी पिण्यासाठी एकत्र जमतात. सेइबेई इगुची मात्र आमंत्रण नाकारून अंधार पडता पडता घराकडे वळतो. म्हणून तो 'तिन्हीसांजेचा सेइबेई'. मराठीत कातरवेळ म्हटले की हुरहूर येते, आणि सूर्यास्त म्हटले की भव्यता. सेइबेईच्या वाट्याला यांपैकी काहीच नाही. त्याच्यासाठी योग्य शब्द 'दिवेलागण' हाच होय, कारण त्या वेळी घरात कोणीतरी असावे लागते.

'तासोगारे' या शब्दाची व्युत्पत्तीही लक्षणीय आहे. 'तो कोण?' अशा अर्थाच्या जुन्या शब्दसमूहापासून तो बनला. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नाही, विचारावे लागते, ती ही वेळ. चित्रपटाचा बराचसा भाग अशाच मंद उजेडात घडतो. घरात एखादी पणती, शेगडीतला विस्तव, दारातून येणारा हिवाळी प्रकाश यांपलीकडे फारसे काही नसते, आणि म्हणून माणसे अर्धी दिसतात, अर्धी ताडावी लागतात. सेइबेईला त्याचे सहकारी ओळखत नाहीत, वरिष्ठ ओळखतात ते केवळ त्याच्या हातातल्या कसबापुरते. 'तो कोण?' या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल अशी एकच व्यक्ती चित्रपटात आहे. ती म्हणजे त्याची धाकटी मुलगी इतो. चित्रपट सुरू होतो तेव्हा ती पाच वर्षांची आहे, आणि कथा सांगते ती म्हातारपणी.

तांदळाचा हिशेब

कथेचे स्थळ म्हणजे उनासाका नावाचे ईशान्य जपानमधील एक लहानसे संस्थान. ते काल्पनिक आहे. फुजिसावा हे त्सुरुओका परिसरातले, आणि तेथील जुन्या शोनाई संस्थानावरून त्यांनी उनासाका रचले. अनेक कथांतून ते इतके भरत गेले की त्याच्या नद्या, वाडे, गल्ल्या वाचकांना खऱ्यासारख्या ठाऊक झाल्या. यामादा यांनी पात्रांच्या तोंडी शोनाईची बोली ठेवली, ही निवडही महत्त्वाची. दरबारी जपानी बोलणारा सामुराई दूरचा वाटतो. गावठी हेल काढून बोलणारा सामुराई शेजारचा होतो.

सेइबेईचे वेतन कागदावर पन्नास कोकु. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, स्थूलमानाने एका माणसाचा वर्षभराचा शिधा. पन्नास माणसांचा शिधा ऐकायला पुष्कळ वाटतो. पण त्यातूनच घर, सेवक, कपडे, सणवार, दर्जाला साजेसे राहणीमान आणि कर्जाचे हप्ते भागवायचे असत. शिवाय तोकुगावा काळाच्या उत्तरार्धात अनेक संस्थाने तिजोरी रिकामी झाली की आपल्याच नोकरांच्या वेतनाचा मोठा हिस्सा 'उसना' म्हणून कापून घेत, आणि ही उसनवारी सहसा परत केली जात नसे. चित्रपट या गोष्टींवर भाष्य करीत नाही, त्या नोंदवतो. पत्नी क्षयाने दीर्घकाळ आजारी होती, उपचारांनी कर्ज झाले, आणि चित्रपट उघडतो तेव्हा ती नुकतीच गेलेली आहे. घरात दोन मुली आणि स्मृती हरवलेली म्हातारी आई. आई अधूनमधून आपल्याच मुलाला ओळखत नाही आणि तो कोण, कोणत्या घरचा, असे विचारते. शीर्षकातला प्रश्न येथे इतक्या सहजपणे येऊन जातो की तो दिग्दर्शकाने योजला आहे हेही ध्यानात येत नाही.

मूळ 'तासोगारे सेइबेई' कथेत नायकाची पत्नी जिवंत आहे. तिच्या शुश्रूषेसाठी तो घाईने घरी परततो. चित्रपटात तिला पहिल्याच प्रसंगात मृत्यू येतो. हा बदल केवळ प्रेमकथेला जागा करून देण्यासाठी नाही. आजारी पत्नीची सेवा करणारा पती हा निष्ठेचा आदर्श ठरू शकतो, त्या काळच्या नीतिकथांतही तो बसला असता. दोन मुलींची वेणीफणी, म्हातारीचे खाणेपिणे आणि परसातली भाजी सांभाळणारा विधुर मात्र कोणत्याच आदर्शात बसत नाही. तो नुसता गबाळा दिसतो. त्याच्या डोक्यावरचे खुंट वाढलेले असतात, किमोनो फाटलेला असतो, अंगाला वास येतो. संस्थानाधिपती कोठाराची पाहणी करायला येतात तेव्हा हा वास त्यांच्या नाकाला लागतो आणि मोठाच गहजब होतो. चुलते घरी येऊन कुळाची अब्रू गेल्याबद्दल कडक शब्दांत सुनावतात आणि लगेच दुसऱ्या लग्नाचा प्रस्ताव ठेवतात. बायको हवी ती घर आवरायला, हा त्यांचा विचार. सेइबेई नम्रपणे नाकारतो. मुली दिवसागणिक मोठ्या होताना पाहणे हे शेतातले पीक वाढताना पाहण्यासारखे आहे, अशा आशयाचे तो बोलतो. चुलत्यांना हे शेतकऱ्याचे बोलणे वाटते, आणि त्यात ते चूक नाहीत.

रात्री शेगडीभोवती बसून सेइबेई आणि मुली बांबूच्या काड्यांचे छोटे पिंजरे विणतात. गाणारे किडे पाळण्यासाठी असे पिंजरे विकत घेतले जात. सामुराईंच्या घरांतून चालणारी ही जोडधंद्याची कामे इतिहासाला ठाऊक आहेत, आणि जपानी चित्रपटालाही ती नवी नाहीत. सादाओ यामानाका यांच्या 'ह्युमॅनिटी अँड पेपर बलून्स' (१९३७) मध्ये एका बेकार सामुराईची पत्नी कागदी फुगे करून पोट भरते. त्या चित्रपटाचा शेवट मृत्यूत होतो आणि कागदी फुगा गटारातून वाहत जातो. यामादा यांना ही परंपरा नक्कीच अवगत होती. पण त्यांनी पिंजऱ्यांचे काम शोकाचे चिन्ह केले नाही. हात चालू असतात आणि थोरली मुलगी कायानो कन्फ्यूशिअसच्या वचनांचा पाठ म्हणत असते. मग ती विचारते की शिवण शिकले तर कपडा होतो, पण हे वाचन शिकून काय होणार? सेइबेई थोडा वेळ विचार करतो. त्याचे उत्तर असे की शिकल्याने आपल्या डोक्याने विचार करण्याची ताकद येते. जग कसेही बदलले तरी ती ताकद असलेला माणूस कसाबसा निभावून नेतो, आणि हे मुलग्यांना लागू आहे तसेच मुलींनाही.

बदलत्या काळाविषयीचे या चित्रपटातले सर्वांत थेट विधान हे आहे, आणि ते एका हिशेबनिसाने दहा वर्षांच्या मुलीला, काडी विणता विणता सांगितलेले आहे. ते कोणत्याही दरबारात वा रणांगणावर झालेले नाही, हे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे. सेइबेईचा मित्र मिचिनोजो इइनुमा जाणकार आहे. क्योतोत काय चालले आहे ते त्याला ठाऊक आहे आणि सामुराईंचे युग संपत आले हे तो सांगतो. सेइबेईचा प्रतिसाद असा, की मग आपण शेतकरी होऊ, ते आपल्याला अधिक मानवेल. मित्राला ही थट्टा वाटते. त्याच नदीतून उपासमारीने मेलेल्यांची प्रेते वाहत येतात, हे पाहता शेतकरी होण्याची इच्छा किती भाबडी आहे हेही चित्रपट लपवीत नाही. परंतु शेतकऱ्यांचे जग याहून जवळून पाहण्याची तसदी त्याने घेतलेली नाही. प्रेते येतात आणि जातात. ज्यांच्या तांदळाचा हा सगळा हिशेब आहे ते लोक पडद्यावर जवळजवळ येतच नाहीत. ही या कलाकृतीची एक खरी मर्यादा आहे, आणि सहानुभूतीच्या भरात ती विसरली जाते.

बांबूची तलवार

मिचिनोजोची बहीण तोमोए ही सेइबेईची बालमैत्रीण. दारूड्या आणि मारकुट्या नवऱ्यापासून, तोयोतारो कोदापासून, भावाने तिची सुटका करवून आणलेली आहे. कोदा एका रात्री पिऊन दाराशी येतो, भांडण विकोपाला जाते आणि मिचिनोजोच्या वतीने सेइबेई द्वंद्व स्वीकारतो. दुसऱ्या दिवशी नदीकाठी कोदा नंगी तलवार घेऊन उभा राहतो. सेइबेईच्या हातात लाकडाचा आखूड दांडा. लढत क्षणात संपते. येथपर्यंत जिदाइगेकीचा सराईत प्रेक्षक खूश असतो, कारण गबाळ्या कारकुनाच्या आत दडलेला तलवारबहाद्दर हा त्याच्या ओळखीचा साचा आहे. यामादा यांनी हा आनंद प्रेक्षकाला पुरेपूर उपभोगू दिला आणि मग त्याची वसुली केली. या द्वंद्वाची बातमी पसरते आणि वरिष्ठांच्या वहीत सेइबेईच्या नावापुढे एक नवी नोंद होते. त्याला मारता येते.

संस्थानाधिपती एदोत गोवराने मरण पावतात. वारसाहक्कावरून दोन गट भिडतात. एक जिंकतो आणि हरलेल्यांना पोट फाडून मरण्याचा हुकूम सुटतो. झेनएमोन योगो हा हरलेल्या गटातला निष्णात तलवारबाज हुकूम मानत नाही, घरात स्वतःला कोंडून घेतो आणि पाठवलेल्या माणसाला ठार करतो. आता त्याला मारायला सेइबेईने जावे असे ठरते. सेइबेई नकार देण्याचा प्रयत्न करतो. आपल्यात ती वृत्ती उरलेली नाही, ती परत आणायला थोडी मुदत हवी, अशी याचना करतो. मुदत मिळत नाही. नकार म्हणजे नोकरीवरून आणि संस्थानातून हकालपट्टी. होकारानंतर बढतीचे आश्वासन मात्र मिळते.

योगोच्या घरातील प्रसंग हा चित्रपटाचा गाभा होय, आणि त्याच्याविषयी अधिक विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. योगोची भूमिका मिन तानाका या बुतो नर्तकाने केली. पडद्यावरची ही त्यांची पहिलीच भूमिका. सेइबेई आत शिरतो तेव्हा योगो लढायला तयार नसतो. तो पीत बसलेला असतो आणि पाहुण्याला बसायला सांगतो. त्याला पळून जायचे आहे, सेइबेईने पाहून न पाहिल्यासारखे करावे एवढेच त्याचे मागणे. मग तो बोलू लागतो. कित्येक वर्षे मालकाविना भटकलेला, भुकेने पिचलेला तो माणूस या संस्थानात नोकरीला लागला तेव्हा त्याने वरिष्ठाची निष्ठेने चाकरी केली. त्या भटकंतीत बायको गेली, पुढे मुलगीही गेली. आता वरिष्ठ हरला म्हणून याने का मरायचे? आपण फक्त काम केले, असे त्याचे म्हणणे. बोलता बोलता तो मुलीच्या अस्थींतला एक तुकडा उचलून तोंडात घालतो आणि चावतो. तो आवाज ऐकल्यावर या दृश्यातला प्रत्येक पुढचा क्षण असह्य होतो.

सेइबेईला हे सारे कळते. किंबहुना तोही मन मोकळे करतो. पत्नीच्या अंत्यविधीसाठी तलवार विकावी लागली, कमरेला लावलेली आहे ती बांबूची, असे तो कबूल करतो. आणि त्याच क्षणी सगळे फिसकटते. योगोला वाटते की आपल्याला बांबूच्या तलवारीने मारायला आला, इतके क्षुद्र लेखले गेलो. सेइबेई सांगू पाहतो की त्याची खरी विद्या आखूड तलवारीची आहे, पण उशीर झालेला असतो. दोन गरीब माणसांनी एकमेकांपुढे गरिबी उघडी केली आणि त्यातूनच वैर पेटले. अंधाऱ्या, बुटक्या घरात चाललेली लढाई चपळ नाही, भव्य तर नाहीच. ती दमलेल्या, धडपडणाऱ्या दोन शरीरांची आहे. शेवटी योगोची लांब तलवार दाराच्या वरच्या तुळईत अडकते आणि सेइबेईचे आखूड पाते आत जाते. घराचे छतच निकाल देते.

बांबूची तलवार पाहून जपानी चित्रपटाच्या अभ्यासकाला मासाकी कोबायाशी यांचा 'हाराकिरी' (१९६२) आठवणे अपरिहार्य आहे. तेथे १६३० मधल्या कथेत दारिद्र्याने तलवार विकलेल्या एका तरुणाला त्याच बांबूच्या पात्याने स्वतःचे पोट फाडायला लावतात. कोबायाशी यांच्यासाठी ते पाते म्हणजे संपूर्ण सामुराई-व्यवस्थेवरचे आरोपपत्र होते. सन्मानाच्या गप्पा मारणाऱ्या घराण्याचा ढोंगीपणा त्या पात्याने उघडा पाडला. यामादा यांची पद्धत वेगळी आहे. त्यांच्याकडे कोणी मोठा खलनायक नाही, दरबारातील वडीलधाऱ्यांनाही ते एका प्रसंगापलीकडे फारशी जागा देत नाहीत. त्यामुळे 'हाराकिरी'च्या तुलनेत हा चित्रपट सौम्य, सोयीचा वाटण्याची शक्यता आहे, आणि तसा आक्षेप घेता येईल. पण योगोच्या प्रसंगाने हा आक्षेप बऱ्याच अंशी निष्प्रभ होतो. कोबायाशींचा नायक व्यवस्थेविरुद्ध उभा राहतो आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने निःशंक होतो. सेइबेई व्यवस्थेच्या बाजूने जातो, आणि प्रेक्षक तरीही त्याच्याबरोबर घरी परततो. जो माणूस मुलींना स्वतःच्या डोक्याने विचार करायला शिकवतो, तोच स्वतःच्या विचाराविरुद्ध हुकूम पाळतो. योगोने मात्र नेमके तेच केले होते: हुकूम ऐकला, विचार केला आणि नाही म्हटले. सेइबेईच्या शिकवणीचा खरा विद्यार्थी योगो ठरतो, आणि गुरूच्या हातूनच मरतो. ही विसंगती चित्रपट सोडवीत नाही. ती सोडवणे त्याला शक्यही नव्हते, कारण सेइबेईच्या मागे दोन मुली होत्या आणि योगोच्या मागे कोणीच उरले नव्हते. नकार देण्याची ऐपत कोणाला असते, हा प्रश्न येथे उभा राहतो. 'समाधानी माणसाची हृद्य कहाणी' म्हणणाऱ्या वाचनाला तो पेलत नाही.

इतोचे निवेदन

मोहिमेला निघण्यापूर्वी सेइबेई तोमोएला बोलावून घेतो. केस विंचरणे, कपडे नीट करणे यासाठी घरात कोणी नाही. ती त्याची तयारी करून देत असताना तो प्रथमच मनातले सांगतो. मिचिनोजोने पूर्वी सुचवले तेव्हा त्याने नकार दिला होता; थोरामोठ्या घरची पहिली पत्नी गरिबीला कधी सरावली नाही, ते दुःख पुन्हा नको, हे त्याचे कारण. आता बोलायला उशीर झाला आहे. तोमोएने नुकतेच दुसरीकडे लग्न ठरवल्याचे ती सांगते. रक्ताने माखलेला सेइबेई परततो तेव्हा मात्र ती घरातच थांबलेली असते. दुसरीकडचे ठरलेले लग्न कसे मोडले, याचा खुलासा चित्रपट करीत नाही. रिए मियाझावा यांच्या संयत अभिनयामुळे ही उणीव तेवढी टोचत नाही, पण ती आहे. योगोच्या मृत्यूनंतर लगेचच तोमोए दारात उभी असणे हे बक्षिसासारखे वाटते, आणि नुकत्याच पाहिलेल्या हत्येचे वजन त्याने हलके होते.

यानंतर काही मिनिटांत सगळे आटोपते. वृद्ध इतो, म्हणजे केइको किशी यांचा आवाज, सांगते की हे सुख तीन वर्षेही नीट टिकले नाही. बोशिन युद्ध पेटले, संस्थान शोगुनच्या बाजूने लढले आणि सेइबेई गोळी लागून मेला. तोमोए दोन्ही मुलींना घेऊन तोक्योला गेली आणि काबाडकष्ट करून तिने त्यांना वाढवले. वडिलांचे जुने सहकारी पुढे मोठ्या पदांवर चढले. ते म्हणत की तासोगारे सेइबेई दुर्दैवी होता. इतोला तसे वाटत नाही. वडील मुलींवर प्रेम करीत होते, सुंदर तोमोएचे प्रेम त्यांना लाभले, आणि आपल्याला त्यांचा अभिमान आहे.

याच शेवटावर चित्रपटाचे 'समाधानी' वाचन उभे आहे. परंतु हे बोलणे दिग्दर्शकाचा निवाडा म्हणून ऐकावे की मुलीची साक्ष म्हणून? इतो योगोच्या घरात नव्हती. तेथे काय घडले, काय बोलले गेले, हे तिला दिसलेले नाही. प्रेक्षकाला दिसले आहे. तिला आठवते ते अंगणात परतलेले वडील. त्यामुळे तिच्या शब्दांची आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरच्या चित्राची येथे गाठ पडत नाही, आणि ही न पडलेली गाठच चित्रपटाला गोडपणापासून वाचवते. बालपणी मांचुरियात वाढलेल्या आणि जपानच्या पराभवानंतर १९४७ मध्ये कुटुंबासह परतलेल्या यामादा यांना, मोठ्या माणसांचे जग एकाएकी नाहीसे होणे आणि मुलांच्या स्मृतीत त्यातले फार थोडे उरणे, हे वेगळे शिकावे लागले नसावे.

सेइबेईच्या मरणाला निवेदनात एक वाक्य मिळते, आणि ही काटकसर अर्थपूर्ण आहे. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, एडवर्ड झ्विक यांचा हॉलिवूडपट 'द लास्ट सामुराई' आला. सेइबेईची भूमिका करणारे हिरोयुकी सानादा त्यातही आहेत. १८७७ च्या सात्सुमा बंडाची छाया असलेल्या त्या चित्रपटात सामुराई तलवारी उपसून बंदुकांवर चाल करून जातात आणि त्यांचे मरण हाच उत्कर्षबिंदू ठरतो. तेथे युगाचा अंत सुंदर दिसतो. सेइबेईला लागलेली गोळी पडद्यावर दिसतही नाही. त्याची आखूड तलवारीची विद्या, तिची शाळा, तिचे डावपेच या सगळ्याचा त्या गोळीपुढे काहीही उपयोग झाला नसेल, हे सांगण्याचीही गरज यामादा यांना वाटली नाही. पुढे 'द हिडन ब्लेड' (२००४) मध्ये त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीची कवायत शिकणाऱ्या सामुराईंची तारांबळ विनोदाने रंगवली. तेथे काळाचा बदल जास्त दिसतो, पण टोचतो कमी.

एका गोष्टीची मात्र हळहळ वाटते. काळ खऱ्या अर्थाने बदलला तो तोमोएच्या आयुष्यात. घटस्फोटित, मग विधवा, दोन सावत्र मुलींसह पराभूत संस्थानातून राजधानीत आलेली सामुराई स्त्री काय काम करून जगली? १८७२ मध्ये नव्या सरकारने मुलामुलींसाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि सामुराईंचे वेतन सक्तीने रोख्यांत बदलले गेले. ही सगळी वर्षे तोमोए आणि मुलींनी तोक्योत काढली. कायानोने पाठ केलेल्या वचनांचा पुढे काय उपयोग झाला, ती कसाबसा निभाव लावू शकली का, हे चित्रपट सांगत नाही. ज्या प्रश्नाला सेइबेईने इतक्या गांभीर्याने उत्तर दिले, त्याचा पडताळा पाहायची वेळ आली तेव्हा श्रेयनामावली सुरू होते. एवढेच खरे की कथा सांगणारी व्यक्ती ही वाचायला शिकवलेली एक मुलगी आहे.

उनासाकाच्या मागे जे खरे शोनाई संस्थान आहे त्याचा पुढचा इतिहास या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बोशिन युद्धात शोनाईचे सैन्य शोगुनच्या बाजूने लढले आणि १८६८ मध्येच संस्थान शरण आले. चार वर्षांनी, १८७२ मध्ये, तेथील सुमारे तीन हजार माजी सामुराईंनी त्सुरुओकाजवळच्या मात्सुगाओका येथे जंगल तोडायला सुरुवात केली. तलवारींऐवजी त्यांच्या हातात कुदळी होत्या. साफ केलेल्या जमिनीवर त्यांनी रेशीम किड्यांसाठी तुतीची झाडे लावली. शेतकरी होण्याची सेइबेईची ती जुनी इच्छा त्याच्या कचेरीतल्या अनेकांना, इच्छा असो वा नसो, पुरी करावी लागली. सेइबेई त्यांच्यात नव्हता.